मामी आणि वावधनात गेलेली भांडी

मामी गेल्याचा निरोप घेऊन जो गडी आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरी आला, तो आल्याबरोबर काही बोललाच नाही. ओट्यावर बसला, पागोटं काढून मांडीवर ठेवलं, पाणी प्यायला आणि मग कापसाविषयी बोलू लागला. यंदा बोंडं कशी बारीक भरली, लढाईमुळे व्यापारी कसे हात आखडून बसलेत, सरकीसुद्धा कशी कोणी विचारत नाही... मला शेतीतलं ओ की ठो कळत नाही. पण कचेरीत जन्मभर खुर्ची झिजवलेल्या माणसाला एखाद्या विषयावर मत नसणं फार कमीपणाचं वाटतं. तेव्हा मीही पाय पसरून बसलो आणि जपान, विलायत, मुंबईचा बाजार असं करत करत त्या बिचाऱ्याला चांगलं व्याख्यान दिलं. तो मान हलवत होता, 'हो जी, हो जी' म्हणत होता. तेवढ्यात माझी पत्नी सिंधू हात पुसत बाहेर आली. तिनं त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि विचारलं, "आई कवा गेली गा?" त्यासरशी तो एवढा थोरला माणूस पागोट्यात तोंड घालून रडायला लागला. त्याला ते सांगायचं नव्हतं म्हणून तो कापूस पिंजत होता, आणि मी शहाणा त्याला पिंजण सरकवत होतो.

या गोष्टीला महिना होत आला. मामी म्हणजे सिंधूची आई, माझी सासू. आमच्याकडे जावई सासूला मामीच म्हणतो. कळमेश्वरच्या अलीकडे त्यांचं गाव, थोडी शेती आणि संत्र्याची बाग. नवरा लवकर गेला. तेव्हा मुलगा नामदेव मिसरूड फुटायच्या वयाचा, सिंधू लहान आणि धाकटी कुसुम तर पाळण्यात. तिघांना आणि बागेला त्यांनी एकटीनं वाढवलं. अक्षरओळख नव्हती, पण माणूस दारातून आत येताना कोणत्या पायानं येतो यावरून त्याचं काम ओळखत. माझं लग्न झालं तेव्हा गावात बोलबाला होता की मामींनी नागपूरचा शिकलेला जावई केला. पहिल्याच सणाला मी गेलो, आणि अंगणात एक धिप्पाड बैल माझ्याकडे तोंड करून उभा राहिल्यावर मी बाजेवरून उठलो आणि तो जाईपर्यंत उभाच राहिलो. मामी तेव्हा माझ्याशी समोरासमोर बोलत नसत. दाराआडून त्यांचा आवाज आला, "जवाई शिकलेला आहे वं सिंधू. पण बैलाले साहेब समजते." ती गोष्ट गावात इतकी चालली की पुढे मी आलो म्हणजे पोरं बैलालाच सलाम करीत.

आमच्या लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कुसुमचं लग्न झालं. ती आणि सिंधू यांच्यात अंतर पुष्कळ. माझ्या डोळ्यांदेखत ती परकरातून लुगड्यात आली. मला 'भाऊजी' म्हणे आणि माझी टोपी पळवून बैलाच्या शिंगाला अडकवी. तिला बुटीबोरीकडच्या एका चांगल्या घरात दिली. लग्नात भांडी भरपूर आली. पाण्याचा पितळी गुंड, पाणी प्यायचे गडवे, भात शिजवायचे गंज, कणीक मळायची मोठी कोपर. लग्न घाईचं होतं, त्यामुळे भांड्यांवर नावं टाकायची राहून गेली होती. मामींनी ती सासरी जाऊ दिली नाहीत. "बिना नावाचं भांडं सासरी गेलं का ते सासूचं होते," त्या म्हणाल्या, आणि नावं टाकून आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण नागपूरच्या इतवारी बाजारात भांड्यांची ओळ आणि ओळीच्या टोकाला छिन्नी घेऊन बसणारे कारागीर. तेव्हा मी विचारलं, "मग सगळ्यांवर कुसुमचं नाव टाकू ना?"

मामींनी कपाळाला हात लावला. आता सांगायला हवं की त्या भागातली रीत अशी, की भांड्यावर नाव असतं ते देणाऱ्याचं. 'अमुक यांजकडून', एवढंच. "तिचं कशाले?" मामी म्हणाल्या. "दिलं कोणं, हे राह्यलं पाह्यजे. उद्या त्याइच्या घरी कार्य निघालं का आपल्याले आठवलं पाह्यजे. ज्याचं भांडं आहे त्याले आपलं नाव काय भांड्यावर वाचाचं आहे?" कुसुम तिथंच तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "म्हणजे इतकी भांडी माझी आणि माझं नाव कुठंच नाही?" मामी हसल्या. "तू आहेस नं वं जितीजागती. नाव कशाले पाह्यजे?"

मी भांडी घेऊन इतवारीत गेलो, कारागिराच्या पुढ्यात बसून एकेकाचं नाव टाकून घेतलं आणि पोती भरून कळमेश्वरच्या दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, चढवली. त्या प्रवासात मी जो खडखडाट केला त्यानं रस्त्यातल्या प्रत्येक गावाला वाटलं, कल्हईवाला आला.

मग अखजी आली. वैशाखातला हा सण आमच्याकडे लेकींचा. लग्नानंतरच्या पहिल्या अखजीला तर लेक माहेरी आलीच पाहिजे. झाडांना झुले बांधतात, पुरण असतं, आंब्याचा रस असतो, पितरांना पाण्याची घागर ठेवतात. पण कुसुमच्या सासूबाईंनी निरोप पाठवला, की घरात उन्हाळी कामं आहेत, पापड-कुरडया व्हायच्या आहेत, पुढच्या साली पाठवू. मामींना ते रुचलं नाही. नामदेवला दमणी देऊन पाठवलं, तो रिकामा परत आला. पुन्हा पाठवलं, आणि यावेळी बरोबर सांगावा दिला, "म्हणावं, पोरीले धाडत नसाल तर मी येऊन तुमच्या अंगणात बसीन, आणि उठणार नाही." त्या बोलल्या म्हणजे करत, हे बुटीबोरीपर्यंत ठाऊक असावं. कुसुम आली. दमणीतून उतरायच्या आधीच तिनं माझ्या टोपीकडे हात लांबवला.

अखजीच्या दुपारी मी पुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, बाजेवर पडलो होतो. रस इतका झाला होता की कुशीवर वळायचं तरी विचार करावा लागे. सिंधू माझ्या डोक्याशी बसून पंखा हलवत होती आणि हलवता हलवता मी किती खाल्लं ते मोजून दाखवत होती. मामी अंगणात होत्या, नामदेव गोठ्यात. कुसुम मागच्या खोलीत भांडी पुसत होती. दोन दिवसांनी ती सासरी न्यायची होती ना... तिचा आवाज येत होता, "भाऊजी, तुमचं नाव तर कोपरीवर केवढं मोठं टाकलं हो! कोणं पाहाचं एवढं?" मी उत्तर देणार होतो. काय देणार होतो ते आठवत नाही, आणि इतक्या वर्षांत मी पुष्कळ उत्तरं शोधून पाहिली.

आधी वारा पडला. पाखरं गप्प झाली. मग उजेड पिवळा झाला, हळदीचं पाणी भिंतीवर फेकावं तसा. उन्हाळ्यात आमच्याकडे वावधन सुटतंच. धूळ उडते, छपरावरची चार कवेलू सरकतात, गारा पडतात आणि बायका अंगणात विळा फेकतात म्हणजे गारा थांबतात. मामींनी विळा फेकला. पण हे वावधन नव्हतं. पश्चिमेला काळं आभाळ लोंबलं होतं आणि त्यातून हत्तीच्या सोंडेसारखं काहीतरी खाली उतरलं. जमिनीला टेकलं आणि टेकल्यावर रुंद झालं. आवाज मालगाडीचा म्हणावा तर मालगाडी अंगावरून जाताना ऐकलेला माणूस सांगायला राहत नाही. मामी ओरडल्या, "कुसुम, भायेर ये!" एवढं मी ऐकलं. मग मी बाजेखाली होतो, सिंधू माझ्यावर होती, आणि तोंडात माती होती.

ते संपलं तेव्हा आम्ही ज्या सपरीत होतो तिच्या खांबाला टांगलेला कंदीलसुद्धा जागच्या जागी होता. मागे घर नव्हतं. छप्पर गेलं होतं, मागची भिंत आतल्या बाजूला बसली होती आणि त्याच्यापुढे थेट बाग दिसत होती, म्हणजे बाग होती ती जागा. संत्र्याची झाडं मुळांसकट एका दिशेला निजवलेली. नामदेव आणि मी हातांनी माती उपसली. मामी मध्ये मध्ये म्हणत होत्या, "हळू... तिच्या पायाले लागीन." कुसुम सापडली तेव्हा मामींनी पदरानं तिच्या तोंडावरची माती पुसली, डोळ्यांच्या कडा पुसल्या, कानामागची पुसली. मग म्हणाल्या, "उठ वं माय. जेवण झालं सगळ्यांचं, तूच राह्यली." आणि पुन्हा पुसायला लागल्या.

मागाहून कळलं की त्या दुपारी अशी सोंड एकच नव्हती. मामींच्या गावावरून एक गेली, नदीकाठच्या गावांवर दुसरी उतरली, आणखी लांब कोणी कोणी पाहिल्या. जिथं टेकली तिथं काही ठेवलं नाही आणि हातभर पलीकडे पापड वाळत घातलेले तसेच. टिनाचे पत्रे बाभळीला धोतरासारखे गुंडाळले होते. कडब्याची धांडं लिंबाच्या खोडात खिळ्यासारखी रुतली होती. कोंबड्या पिसांवाचून हिंडत होत्या, बघून कोणाला हसूही येईना. तारेचे खांब वाकले, विहिरी मातीनं भरल्या, गुरं एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जाऊन पडली. प्रत्येक गावात चार-दोन घरं अशी होती की तिथं रडायलाही कोणी मागं उरलं नव्हतं. तहसीलदार आले, पटवारी आले, त्यांनी 'आंधी' असं लिहून घेतलं. दुसरा शब्द त्यांच्याजवळ नव्हता आणि आमच्याही नव्हता.

कुसुमचा नवरा आला, त्यानं अग्नी दिला. वीस-एकवीस वर्षांचा पोरगा, त्याला कोणी हात धरून उभं करावं लागत होतं. त्याची आई आली नाही. तिनं निरोप धाडला, तोही नामदेवला एकीकडे नेऊन त्या पोरानं खाली मान घालून सांगितला, "आई म्हणते, तुम्ही वढून नेली." नामदेवला ते लपवता आलं नाही. मामींनी ऐकलं. मी वाट पाहिली की आता त्या बोलतील, बुटीबोरीपर्यंत ऐकू जाईल असं काही. त्या म्हणाल्या, "खरं आहे तिचं." त्यानंतर कितीतरी महिने कोणी काही विचारलं, शेतीचं असो का घराचं, की मामी मध्येच थांबून तेवढंच म्हणत, "खरं आहे तिचं." जेवताना म्हणत. सरपण मोडताना म्हणत. ज्या बाईनं आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं, तिनं हे एक वाक्य उचलून डोक्यावर घेतलं होतं आणि ते उतरवणारं माणूस फक्त बुटीबोरीला होतं.

आणि मग भांडी येऊ लागली.

मागच्या खोलीतली ती सगळी भांडी वाऱ्यानं उचलून कुठं कुठं नेली होती. कोणाच्या नाल्यात, कोणाच्या गव्हाणीत, कोणाच्या शेतात अर्धी रुतलेली. लोक प्रामाणिक. घरावर छप्पर नाही, पण सापडलेलं भांडं घेऊन मास्तराकडे जायचे, 'वाचा बरं, कोणाचं आहे', आणि ज्याचं नाव त्याच्या घरी पोचवायचे. आता नाव तर देणाऱ्याचं! त्यामुळे झालं काय, की साऱ्या मुलखात भांडी ज्यांची होती त्यांच्याकडे न जाता ज्यांनी दिली होती त्यांच्याकडे परतायला लागली. लेकी माहेरी आल्यासारखी. मामींच्या उजाड बागेत दुसऱ्यांचे गडवे सापडले तेव्हा नामदेवनंही नाव वाचून वाचून ते देणाऱ्यांच्या घरी पोचवले. कोणाच्या लक्षातच येईना.

माझ्या लक्षात आलं ते असं. एका सकाळी महालातल्या आमच्या दारात एक म्हातारा शेतकरी उभा. काखेत कोपर. तिच्यावर माझं नाव, कुसुम म्हणाली होती तेवढं मोठं. तो माणूस पायी आला होता. आमच्या धडधाकट छपराकडे, भिंतींकडे, अंगणातल्या तुळशीकडे तो आश्चर्यानं पाहत राहिला आणि म्हणाला, "देवानं लवकर सावरलं तुमाले, बाबूजी. आमच्याकडे तर अजून काहीच नाही उभं राह्यलं." त्याला काय सांगायचं? सिंधूनं ती कोपर त्याच्या हातून घेतली आणि आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी त्याला चहा पाजला. त्यानं चहाशिवाय काही घेतलं नाही. जाताना मला धीर देऊन गेला.

ती कोपर आम्ही मामींकडे नेली. दुसरं काय करणार? दिलेला आहेर घरात ठेवता येत नाही, आणि ज्या पोरीला दिला ती नाही. प्रत्येक नातलगाचं तेच झालं. एकेक जण फडक्यात बांधलेलं भांडं घेऊन येई, मान खाली घालून मामींच्या पुढे ठेवी. मामी त्याला गूळ-पाणी देत. मी तिथं असलो तर म्हणत, "जवाईबापू, वाचा बरं काय आहे." मी वाची, 'रामजी यांजकडून'. 'सखूबाई यांजकडून'. मामी ऐकत. नवीन बांधलेल्या भिंतीला एक फळी लावली होती, तिच्यावर ते भांडं पालथं ठेवत. त्या फळीवरच्या कोणत्याच भांड्यात मी कधी पाणी पाहिलं नाही.

दिवाळी झाली आणि थंडी पडली तेव्हा एकदा मी तिथं असताना दारात दमणी थांबली. मी अंगणात बाजेची दोरी ओढत होतो. म्हणजे नामदेव ओढत होता, मी दुसऱ्या टोकाला बसून वजन देत होतो. तेवढीच माझी पात्रता. दमणीतून कुसुमच्या सासूबाई उतरल्या. उंच, काळ्या-सावळ्या, चेहऱ्यावर रेघ हलत नव्हती. नामदेव उठून घरात गेला. मी माणसांत मोडत नव्हतो, म्हणून मला कोणी ऊठ म्हटलं नाही. त्या आल्या, सपरीवर चढल्या आणि हातातला पितळी गुंड मामींच्या समोर ठेवला. आपटलाच जवळजवळ.

"घ्या. हा तुमचा."

मामी बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या. "जवाईबापू, वाचा बरं."

मी वाचलं, "गोदाबाई यांजकडून." गोदाबाई म्हणजे त्याच.

"आमचा नाही," मामी म्हणाल्या. "तुमचं नाव आहे."

"म्या दिला होता तो तिले. दिलेलं भांडं कोणी वापस घेते का?"

"मंग तिचा आहे."

"तेच तर म्हणून राहिली मी! तिचा आहे म्हणून आणला."

"तिचा आहे तर इथं काहून आणला? ती तुमच्या घरची होती."

एकदम गोदाबाईंचा आवाज फाटला. "लोक येऊन म्हणतात, बाई, तुमचा गुंड सापडला. माझा! मी त्याइले सांगून राहिली, माझा नाही बाप्पा, माझ्या सुनेचा आहे. तर म्हणतात, सुनेचं नाव कुठं आहे?" त्यांनी गुंड उचलला, फिरवून फिरवून पाहिला, त्यांनाही वाचता येत नव्हतं, तरी पाहिला. "नाव कुठं आहे तिचं, इहीणबाई?"

"नाही टाकलं," मामी म्हणाल्या. "म्याच नको म्हटलं. आणि बोलावलंही म्याच. तुम्ही म्हटलं ते खरं आहे."

आता हे ऐकायलाच ती बाई आली असेल असं मला वाटलं. पण त्या मटकन खाली बसल्या. गुंड मांडीवर. "म्हटलं म्या," त्या म्हणाल्या, "गावभर म्हटलं. न म्हणू तर काय करू? चुलीपाशी गेली का तिची बसाची जागा दिसे..." मग गुंडाचा काठ घट्ट धरून, "मी नाही नाही म्हणत होती ते माझ्या तोऱ्यापाई, इहीणबाई. गठडी तर तिची म्याच बांधून ठेवली होती. ती रोज कुंपणापाशी जाऊन उभी राहे. म्या म्हटलं, काय पाहून राहिली वं? तर म्हणे, दमणी. म्या म्हटलं, दमणी तर रिकामी लावली वापस. तर म्हणे, तुमाले माझी आई ठाऊक नाही. ती पुन्हा धाडीन." गोदाबाईंनी पदरानं नाक पुसलं. "तुमची दमणी नसती आली नं, तर म्याच आमची जुंपली असती. पाहवत नव्हतं मले."

मामींनी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मान वर करून सरळ कोणाकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या काही मोठं बोलतील. त्यांनी विचारलं, "जेवत होती का पोटभर?"

"तुमची पोरगी?" गोदाबाई म्हणाल्या. "माझ्या ताटातला ठेचा उचलून खाये. भेत होती का कोणाले!"

आणि दोघी हसल्या. ते हसू फार वेळ हसू राहिलं नाही... नामदेव आत भिंतीला कपाळ लावून उभा होता. मी बाजेची दोरी धरून बसलो होतो. सोडावी का धरावी हे मला सुचेना. त्या दिवशी गोदाबाई जेवून गेल्या. एका ताटात जेवल्या दोघी.

त्यानंतर आठवडाभरात मामी पोतं घेऊन महालात आमच्या दारात हजर. सगळी भांडी आणली होती, गुंडासकट. मला कचेरीतून रजा काढायला लावली. "तुमच्या साहेबाले सांगा, सासू आली. तोबी भेत असंन कोणाले तरी." आम्ही इतवारीत गेलो. तोच कारागीर. त्यानं भांडी पाहिली, म्हणाला, "यांच्यावर तर नावं आहेत, मायबाई."

"अजून टाकाचं आहे. कुसुम."

"पुढं? सासरचं नाव का माहेरचं?"

मामींनी पहिलं भांडं त्याच्यापुढे सरकवलं. मग म्हणाल्या, "नुस्तं कुसुम."

तो छिन्नीनं ठिपका ठिपका ठोकत राहिला. एकेक भांडं झालं की मामी ते माझ्या हातात देत. "वाचा." मी वाचलं, "कुसुम." पहिलं भांडं मी कचेरीत अर्ज वाचतो तसं वाचलं. दुसरं, "कुसुम". तिसरं, "कुसुम". मामी प्रत्येक वेळी त्या ताज्या ठिपक्यांवरून बोट फिरवत, मी काय म्हणतो ते बोटाला पटतं का हे पाहिल्यासारखं, आणि पुढचं भांडं पुढे करत. गुंडाशी आलो तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघेना. मामी थांबल्या. घाई केली नाही. दुकानातली माणसं पाहत होती. शेवटी मी म्हटलं. "हं," मामी म्हणाल्या, आणि बोट फिरवलं.

मग पुढची सगळी वर्षं मामींनी एक रीतच करून टाकली. नातलग असो, शेजारी असो, शेतावरच्या मजुराची पोर असो, कोणत्याही पोरीचं लग्न निघालं की मामींकडून एक भांडं, आणि त्यावर नाव त्या पोरीचं. फक्त तिचं. 'यांजकडून' नाही, काही नाही. लोकांना हे फार चमत्कारिक वाटे. एका घरी तर आहेर मोजायला बसले आणि मामींच्या नावाचं काहीच सापडेना, तेव्हा कोणीतरी टोमणा मारला, "तुम्ही काय दिलं वं काकू?" मामी म्हणाल्या, "नाही दिलं काही," आणि पानावर बसल्या.

दर वर्षी लग्नसराईआधी त्या आमच्याकडे येत, आणि मला इतवारीत वाचायला नेत. सिंधूलाही वाचता येतं, तिच्या शाळेसाठी मामींनीच मारामारी केली होती. पण वाचायचं मीच. केस पिकले, ढेरी सुटली, कचेरीत हाताखाली माणसं आली, पण फाल्गुन लागला की मी त्या ओळीत उभा राहून पोरींची नावं पुकारत असे. शेवटी शेवटी मामींना ऐकू कमी यायला लागलं. मी ओरडून वाची, ओळीतली दुकानं हसत, आणि मामी मला दटावत, "हळू बोला जवाईबापू, बहिरी नाही मी," आणि लगेच विचारत, "काय म्हटलं?"

तेराव्याला आम्ही त्यांच्या घरातली भांडी काढली. दानाला त्यांच्या नावाचं एखादं भांडं हवं होतं. सिंधूनं आणि नामदेवच्या बायकोनं घर उलथं केलं. एकाही भांड्यावर मामींचं नाव निघालं नाही. कुसुमच्या फळीला कोणी हात लावला नाही. गोदाबाई आल्या होत्या, आता काठी टेकत चालतात. त्या दिवसभर त्या फळीखालीच बसून राहिल्या.

गेल्या आठवड्यात मी आणि सिंधू इतवारीत गेलो होतो. नामदेवच्या मुलीचं, शांताचं, लग्न याच महिन्यात आहे. तिच्यासाठी मामींनी गडवा घेऊन ठेवला होता, नाव टाकायचं राहिलं होतं. लढाईमुळे पितळ मिळत नाही, ओळीतली अर्धी दुकानं बंद. जुना कारागीर नाही, त्याचा मुलगा बसतो. त्यानं ठोकून, पुसून गडवा माझ्या हातात दिला. मी तो उजेडाकडे धरला आणि म्हटलं, "शांता!"

पलीकडच्या दुकानातला माणूस वळून पाहायला लागला. मी गडवा पुढे केलेलाच होता, डाव्या बाजूला, जरा खाली, बोट पोचेल असा.

सिंधू उजव्या बाजूला उभी होती. ती म्हणाली, "इतक्या जोरानं कोणाले सांगून राहिले?"